आजीची केशरी साडी आणि माझं राखाडी कपाट

(या भागाचं लिखित रूप. बोलताना अडखळलेली वाक्यं थोडी सरळ केली आहेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

बसमध्ये असाल, भांडी घासत असाल किंवा मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून बसला असाल, तरी चालेल. कान इकडे द्या.

आजचा विषय कपड्यांचा आहे. माझ्यासारखी मुलगी कपड्यांवर बोलणार म्हटल्यावर माझ्या टीममधली पोरं हसतील. कारण माझं कपाट उघडलं तर आत काय आहे? काळा, राखाडी, नेव्ही ब्ल्यू, परत काळा, आणि एक पांढरा टीशर्ट जो आता राखाडी झालाय. नवरात्रात नऊ रंगांची यादी आली की ऑफिसात सगळ्या ठरवून त्या त्या रंगात येतात, फोटो काढतात. मी दरवर्षी राखाडीच्या दिवशी एकदम तयार असते. बाकीचे आठ दिवस मैत्रिणीची ओढणी.

त्यात मी इचलकरंजीची. आमच्याकडे बाबांचे यंत्रमाग. मागावरून जे कापड निघतं त्याला आमच्याकडे 'ग्रे' म्हणतात, म्हणजे कोरं, न रंगवलेलं. रंगायला ते बाहेर प्रोसेसला जातं. त्यामुळे मी लोकांना गमतीत सांगायचे, की आम्ही ग्रे बनवतो आणि मी ग्रे घालते, घरचाच धंदा.

पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण एक फोटो होता.

गॅदरिंगचा फोटो

मी तिसरीत होते. शाळेचं गॅदरिंग. आमचा ग्रुप डान्स, सगळ्या मुलींना पिवळेधमक फ्रॉक. आईनं हौसेनं शिवून घेतला होता. नाच झाला, टाळ्या झाल्या. आठवड्यानं फोटो आले. फोटोत फ्रॉक छान दिसत होता. माझा चेहरा मात्र दिसतच नव्हता. डोळे आणि दात, बस्स. बाकी काळोख.

मी सावळी आहे. सावळी म्हणजे लग्नाच्या बायोडेटात लिहितात तशी 'गहूवर्णीय' नाही, खरीखुरी सावळी. तो फोटो बघून बाई आईला सहज म्हणाल्या, "हिला पिवळा नाही हो शोभत. पुढच्या वेळी मागच्या रांगेत ठेवू." त्यांच्या मनात वाईट काही नसेल. पण मी ऐकलं. आठ वर्षांची मुलगी असं एक वाक्य ऐकते आणि पुढची वीस वर्षं त्या वाक्याप्रमाणे खरेदी करते.

नंतर हे वाक्य वेगवेगळ्या तोंडून येत राहिलं. दुकानात: "ताई, तुमच्या रंगाला लाइट शेड दाखवतो." नात्यात: "भडक नको गं, अजून उठून दिसतं." काय उठून दिसतं ते कुणी सांगायचं नाही.

हे सगळं आज काढायचं कारण म्हणजे माझ्या आतेबहिणीचं लग्न. मार्चमध्ये झालं. आजकाल आपल्याकडेही संगीत असतंच, आणि संगीतला थीम असतेच. व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलं: 'रेट्रो'. साठ-सत्तरच्या दशकातल्या सिनेमातले कपडे. भाऊ लोकांनी लगेच दादा कोंडकेंची नाडी लोंबणारी हाफपँट घालणार म्हणून जाहीर केलं. बहिणींनी वाटणी सुरू केली, कुणी साधना कट, कुणी बॉबी प्रिंट. बॉबी प्रिंट म्हणजे ठिपके. 'बॉबी' १९७३ चा, आणि ठिपक्यांना आपल्याकडे दुकानात अजून तेच नाव आहे. सिनेमाचं नाव कापडाला चिकटतं आणि पन्नास वर्षं निघत नाही, बघा.

मी म्हटलं, मी काळ्यावर पांढरे ठिपके घालते. सेफ. आजी शेजारी बसली होती. ती म्हणाली, "तू मुमताज हो की."

तीन व्हिडिओ, तीन रंग

'ब्रह्मचारी', १९६८. शम्मी कपूर आणि मुमताज पार्टीत नाचतात ते गाणं तुम्ही पाहिलं असणार, निदान रीलवर तरी. तिनं केशरी साडी नेसलीये, सोनेरी काठ, अंगाला घट्ट बसलेली, आणि ती त्यात चक्क उड्या मारते. ती साडी आधीच शिवून ठेवलेली होती, म्हणून निऱ्या सुटत नाहीत. आज आपण जिला 'रेडी टू वेअर' म्हणून जास्त पैसे मोजून घेतो, ती युक्ती पन्नास वर्षांहून जुनी आहे. त्या पद्धतीच्या साडीला अजून 'मुमताज साडी' म्हणतात.

आता मी इंजिनिअर. साडी घ्यायची तर रंग नेमका हवा. मी काय केलं, गाण्याचा व्हिडिओ घेतला, त्याच्या फ्रेम काढल्या आणि एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. पद्धत सोपी आहे: साडीच्या भागातले सगळे पिक्सेल घ्यायचे, जवळजवळचे रंग एकेका टोपलीत टाकायचे आणि प्रत्येक टोपलीचा सरासरी रंग काढायचा. के-मीन्स म्हणतात त्याला. कोड वीस ओळींचा. निकाल आला: विटकरी. मातीच्या कौलासारखा.

मला शंका आली म्हणून दुसरा अपलोड घेतला. तिथे साडी गुलाबीकडे झुकलेली. तिसरा घेतला, तर पिवळट. एकच गाणं, एकच साडी, तीन उत्तरं.

मी आजीला मोबाईलवर दाखवलं. म्हटलं, यातला कुठला? आजीनं चष्मा वर केला, तिन्ही बघितले आणि म्हणाली, "असला न्हवताच रंग त्यो. तुझ्या फोनात मळलाय."

मळलाय! मंडळी, मी हसले. मग रात्री वाचत बसले, आणि आजीचं बरोबर निघालं. रंग खरंच मळतो.

रंग मळतो कसा

त्या काळातले आपले बहुतेक रंगीत सिनेमे ईस्टमनकलरमध्ये. १९६१ चा 'जंगली', १९६५ चा 'वक्त', सुरुवातीच्या पाटीवर ते नाव मोठ्या अक्षरात दिसतं. अशा फिल्मवर रंग तीन थरांत असतो: एक पिवळा, एक किरमिजी आणि एक निळसर. तिन्ही थर एकावर एक आले की डोळ्याला पूर्ण चित्र दिसतं. गोम अशी, की हे तिन्ही थर सारखे टिकत नाहीत. जुन्या ईस्टमनकलर प्रिंटमधला निळसर थर सगळ्यात आधी विरतो. उजेड लागायचीही गरज नाही, बंद डब्यात अंधारातसुद्धा विरतो. तो गेला की उरतं काय? तांबूस-गुलाबी. आपण ज्याला 'विंटेज टोन' म्हणून फिल्टर लावतो ना, तो पुष्कळदा त्या काळाचा रंग नसतो. ती झीज असते. जास्त टिकणारी प्रिंट फिल्म १९८० च्या दशकात आली, तोवर अनेक सिनेमांचं नुकसान होऊन गेलं होतं.

मग कुणीतरी ती झिजलेली प्रिंट स्कॅन करतं, आपल्या अंदाजानं रंग दुरुस्त करतं. तीन जणांचे तीन अंदाज. म्हणून तीन अपलोड, तीन रंग.

वर आमच्या धंद्याची करामत. व्हिडिओ छोटा करायचा म्हणून आपण डोळ्याला फसवतो. माणसाच्या डोळ्याला उजेड-सावलीतला फरक बारकाईनं कळतो, रंगातला तितका कळत नाही. म्हणून नेहमीच्या व्हिडिओत उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलला ठेवतात आणि रंगाची माहिती चार पिक्सेलमध्ये मिळून एकदाच. तुमच्या फोनवर दिसणाऱ्या साडीचा बारीक जरीचा काठ शेजारच्या रंगात विरघळलेला दिसतो तो त्यामुळे. भडक लाल आणि केशरीत तर ते लगेच जाणवतं.

म्हणजे रंगाची माहिती चार ठिकाणी गळाली: डब्यात, स्कॅन करताना, दुरुस्तीत आणि कॉम्प्रेशनमध्ये. आणि मी त्यातून सहा अक्षरांचा नेमका हेक्स कोड काढायला बसले होते!

आपल्या पुण्यात लॉ कॉलेज रोडला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ पासून. जुन्या फिल्म जपायचं आणि दुरुस्त करायचं काम तिथे चालतं. मी त्या रस्त्यावरून शंभर वेळा कॉफी प्यायला गेले असेन. आत काय वाचवतायत ते आत्ता कळलं.

कोल्हापूरच्या भानुमती

आता प्रश्न असा, की मूळ रंग ठरवला कुणी? 'ब्रह्मचारी'तल्या त्या साडीमागे नाव सापडतं भानू अथैया यांचं. मला एवढंच माहीत होतं, की ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय. त्या मूळच्या कोल्हापूरच्या हे मला सत्ताविसाव्या वर्षी कळलं. आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर!

माहेरचं नाव भानुमती राजोपाध्ये. जन्म १९२९. वडील अण्णासाहेब राजोपाध्ये चित्रकार. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. सूझा, रझा, हुसेन यांच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपबरोबर १९५३ मध्ये चित्रं मांडली. मग पोटापाण्यासाठी 'ईव्ह्ज वीकली' या साप्ताहिकात फॅशनची चित्रं काढू लागल्या, तिथून नट्यांचे कपडे आणि तिथून सिनेमा. १९५६ चा 'सी.आय.डी.', पुढे 'प्यासा', 'साहिब बीबी और गुलाम', 'वक्त', 'गाइड', 'आम्रपाली', आणि १९८२ चा 'गांधी', ज्याचं ऑस्कर त्यांना जॉन मोलो यांच्याबरोबर १९८३ मध्ये मिळालं. ते ऑस्कर घरात ठेवण्यापेक्षा नीट जपलं जावं म्हणून त्यांनी २०१२ मध्ये अकादमीकडेच परत सोपवलं. २०२० मध्ये त्या गेल्या.

मला आवडली ती त्यांची पद्धत. १९६६ च्या 'आम्रपाली'साठी त्या अजिंठ्याच्या लेण्यांत गेल्या. भिंतीवरच्या बायकांनी काय नेसलंय, कसं गुंडाळलंय ते बघितलं आणि त्यातून वैजयंतीमालाचे कपडे केले. 'वक्त'मधल्या साधनाचा घट्ट कुर्ता-चुडीदार बघा. फार कलाकुसर नाही, सगळी मजा कापात आणि रंगात. मग ते कॉलेजच्या मुलींच्या अंगावर आलं.

त्यांच्या आधी मोठा काळ कृष्णधवल सिनेमाचा. रंगाची हौस आपल्या लोकांना फार आधीपासून. प्रभात फिल्म कंपनीनं १९३३ साली 'सैरंध्री' रंगीत करायचा घाट घातला, छपाईला जर्मनीला पाठवला, पण रंग मनासारखे आले नाहीत. 'मुघल-ए-आझम' १९६० मध्ये आला तेव्हा बहुतेक काळा-पांढरा होता आणि शीशमहालातल्या गाण्यासारखे काही भाग रंगीत. विचार करा, तासन् तास करड्या रंगात बसलेला माणूस अचानक आरशांमध्ये नाचणारा रंग बघतो. म्हणून साठच्या दशकातले सिनेमे इतके रंगीबेरंगी आहेत. त्या लोकांना रंग नवा मिळाला होता. नवीन फोन घेतल्यावर आपण पहिले दोन दिवस प्रत्येक फीचर वापरून बघतो ना, तसं.

पण कृष्णधवलनं या लोकांना एक गोष्ट शिकवून ठेवली होती, आणि ती आपल्या कामाची आहे. रंगीत चित्र काळं-पांढरं करताना संगणक साधारण असा हिशेब करतो: हिरव्याचे ५९ टक्के, लालचे ३० टक्के, निळ्याचे ११ टक्के. त्यामुळे डोळ्यांना एकदम वेगळे दिसणारे दोन रंग, समजा एक केशरी आणि एक हिरवा, काळ्या-पांढऱ्यात अगदी सारख्या करड्या रंगाचे दिसू शकतात. जुन्या फिल्मचं गणित थोडं वेगळं होतं, पण अडचण तीच. कपडे करणाऱ्याला आधी बघावं लागायचं, की काठ साडीपासून वेगळा दिसेल का, साडी भिंतीपासून सुटी दिसेल का. आधी उजेड-सावली, मग रंग. मुमताजच्या साडीत नक्षी जवळजवळ नाही. एक भरीव रंग, त्यावर उजळ सोनेरी काठ. प्रिंट कितीही झिजली तरी तो काठ अंगाभोवती फिरताना दिसतोच. रंग गेला, नातं उरलं.

इथे मला पटलं, की हेक्स कोड शोधणं चुकीचं होतं. सिनेमातून रंग नाही उचलायचा. दोन रंगांतलं नातं उचलायचं.

ट्रंक

हे सगळं मी आजीला उत्साहानं सांगितलं. थर, झीज, टक्केवारी. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माळ्यावरची ट्रंक काढ."

ट्रंकेत तळाशी जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेलं गाठोडं. सोडलं, तर आत केशरी नायलॉनची साडी. साठच्या दशकात नायलॉनचं भारी कौतुक होतं, धुवायला सोपी, इस्त्री नको. काठाला सोनेरी लेस, आता काळवंडलेली. एका घडीवर ट्रंकेच्या गंजाचा डाग. बाकी रंग? मंडळी, मी खोटं नाही सांगत, खोलीत उजेड पडला. सिनेमाच्या फिल्मचा रंग डब्यात विरला, आजीच्या साडीचा ट्रंकेत टिकला.

आजी तेव्हा वीस वर्षांची. 'ब्रह्मचारी' कोल्हापुरात लागला होता, आजोबा घेऊन गेले. आल्यावर हिनं पैसे साठवून तशा रंगाची साडी घेतली आणि लेस स्वतः हातानं लावली. एका नातेवाइकांच्या लग्नाला नेसून गेली. आजीही सावळी, माझा रंग तिचाच. तिथे एक बाई चारचौघींत म्हणाली, "दिवा झकास हाय, भिंतच काळी." सगळ्या हसल्या. आजीही हसली म्हणे. घरी आली, साडी घडी करून ट्रंकेत टाकली. परत कधी नेसली नाही.

मी विचारलं, "आजी, तुला वाईट नाही वाटलं?"

ती म्हणाली, "वाटलं की. पर बोलणारीला कोण बोलणार तवा? तू सांग, तू का नेसत न्हाईस?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिच्याकडे निदान १९६८ साल होतं. माझ्याकडे पगार आहे, पुण्यात भाड्याची का होईना खोली आहे, आणि कपाटात सात राखाडी टीशर्ट आहेत.

पिवळ्या फ्रॉकचा निकाल

मग मी तो गॅदरिंगचा फोटो परत काढला. या वेळी इंजिनिअर म्हणून बघितला. कॅमेरा ऑटोवर असतो तेव्हा तो समोरच्या चित्रातला सरासरी उजेड मोजतो. समोर दहा पिवळेधमक फ्रॉक, वर स्टेजचे दिवे. कॅमेऱ्याला वाटतं, फार उजेड आहे, कमी करा. तो कमी करतो. फ्रॉक छान येतात, आणि चेहरा अंधारात जातो. गोऱ्या मुलीचा थोडा, सावळ्या मुलीचा पूर्ण. पिवळा रंग मला शोभत नव्हता असं नाही. कॅमेऱ्यानं माझ्यासाठी मोजलंच नव्हतं.

आणि हे फक्त आमच्या शाळेतलं नाही. कोडॅक कंपनी फोटो छापणाऱ्या लॅबना एक नमुन्याचं कार्ड द्यायची, 'शर्ली कार्ड' म्हणायचे त्याला. त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो. तिची त्वचा बरोबर आली की मशीन बरोबर. अनेक दशकं असंच चाललं. म्हणजे बरोबर रंग कशाला म्हणायचं हे ठरवताना आपण हिशेबातच नव्हतो. ही सेटिंगची चूक होती, आणि आपण ती अंगाची चूक समजून बसलो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. जुने सिनेमे याबाबतीत काही संत नव्हते. नायिका गोऱ्याच, नसतील तर मेकअपनं केलेल्या. म्हणून सगळी प्रेरणा मुमताजकडून घेऊन भागत नाही. मी शोधलं, तर आपल्या स्मिता पाटील सापडल्या. पुण्याच्या. दूरदर्शनवर बातम्या द्यायच्या तेव्हा जीन्सवरच साडी नेसायच्या हा किस्सा प्रसिद्ध आहे. १९७७ चा 'जैत रे जैत' बघा. उघड्या डोंगरावर, उन्हात, गुडघ्यावर लुगडं, आणि सावळा चेहरा कुठेही लपवलेला नाही. दिवा आणि भिंत दोन्ही झकास. आजीला दाखवलं, ती बराच वेळ काही बोलली नाही.

तर करायचं काय

तुम्हालाही जुन्या सिनेमातून कपड्यांच्या कल्पना घ्यायच्या असतील, तर मी चुका करून शिकले ते सांगते.

पहिलं, स्क्रीनशॉट घेऊन दुकानात 'हाच रंग द्या' म्हणू नका. तो रंग मळलेला आहे. जोडी बघा. भरीव साडीला उजळ काठ, फिक्या कुर्त्याला एकच गडद ओढणी. ती जोडी तुमच्या आवडीच्या रंगात बसवा. केशरी-सोनेरी जमत नसेल तर मोरपंखी-सोनेरी करा, गुलबक्षी-पोपटी करा.

दुसरं, ट्रायल रूममध्ये फोटो काढा आणि त्याला काळा-पांढरा फिल्टर लावा. चेहरा, कपडा आणि काठ तिन्ही वेगळे दिसले तर पास. सगळं एकाच करड्यात मिसळलं तर नापास. मी माझ्या राखाडी कपड्यांवर ही टेस्ट केली. चेहरा आणि टीशर्ट एकच गोळा! इतकी वर्षं जे मी सेफ समजत होते ते नापास निघालं, आणि केशरी पास झालं. सावळ्या रंगावर उजळ भडक कपडा सुटा दिसतो, कारण फरक जास्त असतो. सिनेमावाले हेच करत होते.

तिसरं, कापड दुकानाच्या दारात, दिवसाच्या उजेडात नेऊन बघा. दुकानातल्या दिव्याखाली एकमेकांना जुळलेले दोन रंग बाहेर भांडायला लागतात. दुकानदार वैतागतो, वैतागू दे.

चौथं, रंगांची आपली नावं शिकून घ्या. ॲपवर सगळं 'पीच' नाहीतर 'टील' असतं. आजीकडे अबोली आहे, डाळिंबी आहे, आमसुली, चिंतामणी, कोनफळी, शेवाळी आहे. नाव माहीत नसलेला रंग आपण मागत नाही. आणि त्या नावाचं कापड बहुतेक घरातच असतं.

पाचवं, मुलांसाठी. हसू नका, तुमचंही कपाट काळं-निळंच आहे. राजेश खन्नाचे गुरू कुर्ते बघा, देव आनंदचे गळ्यातले रुमाल बघा. सगळंच अंगावर घालायची गरज नाही. एक वस्तू भडक, बाकी साधं. नाहीतर बँडवाले समजून वरातीत पुढे उभं करतील.

सहावं आणि सगळ्यात महत्त्वाचं. फोटो काढताना आधी स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट ठेवा. फोन उजेड चेहऱ्याप्रमाणे मोजतो. कपडा थोडा जास्त उजळ येईल, येऊ दे. सावळ्या मैत्रिणीचा फोटो काढताना तर हे कराच. एका टॅपचं काम आहे. माझ्या शाळेच्या त्या फोटोग्राफरकडे तो टॅप नव्हता. तुमच्याकडे आहे.

संगीतच्या दिवशी

शेवटी काय झालं ते सांगते आणि थांबते.

आजीची साडी मी नेसले. गंजाचा डाग निऱ्यांच्या आत लपवला, जुनी लेस उसवून नवी लावली. आमच्या गल्लीतल्या टेलरकाकूंनी निऱ्या शिवून दिल्या, मुमताजसारख्या. उसवलेली काळी लेस आजीनं फेकू दिली नाही.

हॉलमध्ये शिरताना पाय जड झाले होते, खोटं कशाला बोलू. दहा मिनिटांत एक बाई आल्या, वरून खाली बघितलं आणि म्हणाल्या, "अगंबाई, जरा भडकच झालं नाही का?" हो, २०२५ मध्येसुद्धा. माझं तोंड बंद झालं. वीस वर्षांची सवय आहे ती, एका साडीनं जात नाही.

आजी खुर्चीवर बसली होती, माझ्या शेजारीच. ती म्हणाली, "भडकच घेतलीया. दिवा हाय त्यो." आणि मला म्हणाली, "जा, नाच जा."

मी नाचले. निऱ्या सुटल्या नाहीत.

भावाला मी आधीच ट्रेनिंग दिलं होतं, त्यानं चेहऱ्यावर टॅप करूनच फोटो काढला. त्यात साडी थोडी फटफटीत आलीये, आणि मी अख्खी दिसतेय. आजीनं तो फोटो मोठा करून मागितलाय, तिच्या पलंगासमोर लावायला. मी विचारलं, कागदावर छापू की फोनमध्ये ठेवू? म्हणाली, "कागदावर. फोनात मळतंय."

तर मंडळी, आजचं एवढंच. या रविवारी घरी असाल तर आई-आजीला विचारा, की सिनेमा बघून तू कधी काही घेतलं होतंस का. ट्रंक उघडायला लावा. आणि एखादी साडी एकदाच नेसून ठेवलेली सापडली, तर एकदाच का ते विचारा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, रंगात राहा!